वाढत्या अंगाचा बॉयलर

मित्रांनो, आमच्या रस्त्यावर शाळेची बस थांबते तिथे, ड्राइव्हवेच्या कडेला, कचऱ्याच्या दोन पिंपांशेजारी एक लोखंडी ठोकळा तुम्ही पाहिला असेल. काल बसची वाट पाहणारी एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "लुक, ॲन ओल्ड फ्रिज!" मला फार राग आला. ज्याने अठ्ठावीस हिवाळे एक घर गरम ठेवलं, त्याला फ्रिज म्हणावं? मी एक जुना बॉयलर आहे. गुरुवारी भंगारवाल्याचा ट्रक मला न्यायला येणार आहे. तोवर मला दुसरं काम नाही, तेव्हा माझी हकिगत ऐकून घ्या.

आम्ही बॉयलर लोक बेसमेंटमध्ये राहतो, त्यामुळे आमचं काम सहसा कोणाला ठाऊक नसतं. मी पोटात गॅस जाळायचो आणि पाणी तापवायचो. पंप ते पाणी नळ्यांमधून वरच्या खोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरवायचा. खोल्या गरम व्हायच्या आणि गार झालेलं पाणी माझ्याकडे परत यायचं. येताना ते रिकाम्या हाताने येत नसे. वर जे काही बोललं जाई, ते नळ्यांमधून माझ्यापर्यंत पोचायचं. घर मी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण घरातलं एकही भांडण माझ्या कानावरून सुटलेलं नाही.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका ओतकाम कारखान्यात झाला. तिथून मी खोक्यात बंद होऊन ट्रकने मॅसॅच्युसेट्समधल्या या श्रूजबरी गावात आलो. ते साल १९९६. श्रीरंग काका आणि वसुधा काकू यांनी तेव्हा नुकतंच हे घर घेतलं होतं. काका मूळचे सांगलीकडचे, पंपांच्या कंपनीत इंजिनिअर. काकू लहान मुलांच्या डॉक्टर. घरातला आधीचा बॉयलर पहिल्याच थंडीत बंद पडला, म्हणून नव्याची शोधाशोध सुरू झाली. बसवणाऱ्या माणसाने माहितीपत्रकातला एक मध्यम बॉयलर दाखवला. काकांनी पान उलटलं आणि माझ्या फोटोवर बोट ठेवलं.

"अहो, एवढा मोठा कशाला?" काकूंनी विचारलं.

"अगं, लहान मुलांचे बूट आपण एक नंबर मोठेच घेतो ना? वाढत्या अंगाचा असू दे. उद्या वर आणखी एक मजला चढवला, मागे आणखी एक खोली काढली, तर पुन्हा खर्च नको."

मोठ्या बॉयलरचे पैसेही मोठे असतात. त्यामुळे बसवणाऱ्याने काकांच्या दूरदृष्टीचं तोंडभर कौतुक केलं आणि मला आणून उभं केलं.

तो जादा मजला कधी चढला नाही. जादा खोलीही निघाली नाही. उलट दहा वर्षांनी काकांनी सगळ्या खिडक्या बदलून दुहेरी काचांच्या केल्या, माळ्यावर कापसासारखं काहीतरी ठासून भरलं, आणि घराची भूक पूर्वीपेक्षा निम्मी झाली. मी मात्र वाढत्या अंगाचाच राहिलो. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. दिवाळीच्या पार्टीत काका पुरुषमंडळींना मुद्दाम खाली आणत आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "धिस इज अ बीस्ट! बाहेर मायनस वीस जाऊ दे, हा हलत नाही." मंडळी हातात चिवड्याच्या वाट्या घेऊन माना डोलवत. मीही एक मोठा हुंकार देऊन पेटून दाखवी. मित्रांनो, कौतुकाची चटक फार वाईट.

तक्रार फक्त एका माणसाची होती. वरच्या मजल्यावर अगदी टोकाला एक खोली आहे. सगळे तिला मागची खोली म्हणतात. ती आधी काकांच्या मुलीची, प्रीताची होती, आणि ती कॉलेजला गेल्यावर काकूंची वाचायची झाली. लोक घरात शिरताना कोट काढतात. काकू मागच्या खोलीत शिरताना स्वेटर घालत. हाताने विणलेला चॉकलेटी स्वेटर होता तो, कोपरांवर दोनदा रफू केलेला.

"अहो, ही खोली गार आहे," असं त्या दर ऑक्टोबरला म्हणत.

"एवढा मोठा बॉयलर असताना खोली गार कशी असेल?" काका म्हणत. "तू एकदा हिमोग्लोबिन तपासून घे."

चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे कमाल होती. पण खरं सांगतो, मीही काकांच्याच बाजूचा होतो. मला वाटायचं, मी एवढा दणकून पेटतो, आणखी काय करायचं?

गेल्या सप्टेंबरात वर्षाच्या तपासणीला आलेल्या माणसाने माझ्या पोटावर बॅटरी मारली आणि तो चुकचुकला. माझ्या लोखंडाला बारीक चीर गेली होती. थेंब थेंब पाणी गळत होतं. तो म्हणाला, "डिसेंबरपर्यंत तग धरेल. पुढचा भरवसा नाही."

त्याच आठवड्यात प्रीताचा फोन आला. तिला डिसेंबरच्या मध्याला बाळ होणार होतं हे आधीच ठरलेलं होतं. आता ठरलं ते असं, की पहिलं बाळंतपण असल्याने ती दोन महिने माहेरी येऊन राहणार. आणि राहणार कुठे, तर लहानपणापासूनच्या तिच्या हक्काच्या मागच्या खोलीत. प्रीता जन्माने अमेरिकन, पण हट्टाने अस्सल सांगलीची.

काकूंनी फोन ठेवला आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. दवाखान्यात त्या काहीही सांगोत, बाळंतिणीच्या बाबतीत त्या आपल्या आईचंच ऐकत.

"माझ्या आईने मला शेगडीपाशी सव्वा महिना ठेवलं होतं. कानाला वारा लागू दिला नव्हता. बाळ यायच्या आत ती खोली गरम झाली पाहिजे. मला बाकी काही माहीत नाही."

"होईल गं. आता तर नवीन बॉयलरच घ्यायचाय. मी बघतो," काका म्हणाले.

काकांनी बघायला घेतलं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

पहिला माणूस चकचकीत बूट घालून आला. वर एकदाही गेला नाही. थेट माझ्यासमोर उभा राहिला, माझ्या अंगावरच्या पत्र्यावर लिहिलेला आकार टॅब्लेटमध्ये उतरवून घेतला, मला डायनोसॉर म्हणाला, आणि म्हणाला, "अठरा हजार डॉलर. आज सही केलीत तर पाचशे कमी." काकांनी सही केली नाही. इथवर ठीक होतं.

दोन दिवसांनी दुसरा आला. हा साधा होता. यानेही माझा पत्रा वाचला, गुडघ्यावर वही ठेवून काहीतरी गणित केलं, आणि खाली एक आकडा लिहिला. वही माझ्या तोंडासमोरच होती, म्हणून मला दिसला. तेरा हजार आठशे. तो बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात काकांनी साडीच्या दुकानात टाकावा तसा डाव टाकला.

"आधीच बोलून ठेवतो. परवाचा माणूस अठरा सांगून गेलाय. तुम्ही काय कमी करता ते बोला."

त्या माणसाने वहीकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. मग तेरा हजार आठशेवर हळूच रेघ मारली आणि म्हणाला, "तुमच्यासाठी म्हणून सतरा हजार अडीचशे."

मित्रांनो, मी त्या क्षणी जमेल तेवढ्या जोरात खडखडलो. काकांना वाटलं, माझी चीर वाढली.

तिसऱ्याला काकांनी दुसऱ्याचा आकडा सांगितला. त्याने सतरा सांगितले, वर काकूंच्या सहा चकल्या खाल्ल्या. संध्याकाळी काका विजयी आवाजात काकूंना म्हणाले, "पाडला की नाही हजाराने? भाव करायला जिगर लागते." लॅपटॉपवर त्यांनी तिन्ही आकड्यांचा उतरता आलेख काढला, खाली येऊन तो मलाही दाखवला, आणि अजून दोघे बोलावले तर आकडा कुठवर उतरेल याचा अंदाज बांधत बसले. असा सगळा ऑक्टोबर गेला. मागची खोली होती तशीच होती. वसुधा काकूंचा स्वेटर अंगावरून उतरेना.

दिवाळीच्या शनिवार-रविवारी प्रीता पोट सांभाळत घरी आली. ती शाळांसाठी खरेदी करणाऱ्या सरकारी खात्यात काम करते. बसपासून खडूपर्यंत जे काही शाळेत येतं, त्याची बंद पाकिटातली कोटेशनं तिच्या टेबलावर उघडतात. तिने फराळाचं ताट बाजूला सारून ते तीन कागद वाचायला घेतले.

"बाबा, हे कम्पेअरच होत नाहीत. याच्यात जुना बॉयलर उचलून न्यायचं नाहीये. याच्यात टाउनचं परमिट नाहीये. आणि हा पहिला बारा वर्षांची सर्व्हिसची मेंबरशिप का विकतोय? बरं, सगळे सतराच्या आसपास कसे?"

"ती माझी कमाल," काका म्हणाले. "प्रत्येकाला मी आधीच्याचा आकडा सांगत गेलो."

कागद टेबलावर आपटल्याचा आवाज थेट माझ्यापर्यंत आला.

"यू टोल्ड देम?" प्रीता म्हणाली. "बाबा! माझ्या ऑफिसात मी असं केलं ना, तर दे विल फायर मी."

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," काकू म्हणाल्या. "तुम्ही तर मूठ उघडूनच बसलात."

काकांनी सांगलीच्या बाजारात भाव पाडल्याचे दोन दाखले दिले, पण आवाजात दम नव्हता.

प्रीताने तिथेच बसून एक पान टाइप केलं. प्रत्येक खोलीचं माप घ्या, या घराला किती उष्णता लागते त्याचा हिशेब कागदावर द्या, जुना काढून नेणं आणि परमिट धरून एकच आकडा लिहा, हमी किती वर्षांची ते लिहा, आणि सगळं ईमेलने पाठवा. सगळ्यांना तेच एक पान. आणि बाबांनी कोणाशीही आकड्याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. काकांकडून तिने देवासमोर कबूल करून घेतलं.

आधीच्या तिघांना पान पाठवलं. पहिला म्हणाला, आम्ही फुकट मापं घेत नाही. दुसऱ्याने फोनच उचलला नाही. तिसऱ्याने जुनाच कागद नवी तारीख घालून पाठवला. मग काकूंच्या दवाखान्यातल्या एका निवृत्त नर्सने दोन नावं दिली. एक होते जवळच्या गावातले म्हातारे मेकॅनिक, आणि दुसरी वूस्टरची तेरेसा. तेरेसा पन्नाशीची होती, बाप पोर्तुगालहून आलेला पाइपफिटर, आणि त्याच्याच हाताखाली शिकलेली.

तेरेसा आली ती माझ्याकडे आलीच नाही. हातात टेप घेऊन ती थेट वर गेली. शिंपी माप घेतो तसं तिने खोल्यांचं, खिडक्यांचं, भिंतींचं माप घेतलं. माळ्यावर चढून कापूस किती जाड आहे ते पाहिलं. काका तिच्या मागे मागे होते. आकडा विचारायची ऊर्मी आली की ते तोंडात चकली कोंबत. ती खाली येईपर्यंत डबा अर्धा झाला होता.

आणि मग हॉलमध्ये उभी राहून तिने विचारलं, "या घरात कोणाला थंडी वाजते?"

मित्रांनो, अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मला बसवणाऱ्याने नाही, त्या तिघांनी नाही, काकांनी नाही, मी तर नाहीच. काकूंनी आधी तिला बसायला सांगितलं. मग बोलायला लागल्या आणि चाळीस मिनिटं थांबल्या नाहीत. तेरेसाने मधेच वही मिटली आणि नुसतं ऐकलं. काकूंचा आवाज दोनदा भरून आला. बॉयलरबद्दल बोलताना कोणाचा आवाज भरून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर ती माझ्याकडे आली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू चांगलं मशीन आहेस. पण या घराला दुपटीने मोठा आहेस."

मग तिने काकांना समजावून सांगितलं. गरमी मोजून मला चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट हॉलच्या भिंतीवर आहे, माझ्या अगदी वर. मी दणकून पेटलो की पाच मिनिटांत हॉल गरम होतो. तो भिंतीवरचा मुकादम म्हणतो, झालं काम, बंद करा. तोवर गरम पाणी टोकाच्या खोलीपर्यंत नीट पोचलेलंही नसतं. लहान बॉयलर असता तर सावकाश, खूप वेळ चालला असता आणि सगळीकडे सारखी ऊब गेली असती.

मी गारच पडलो. ज्या मोठेपणाचं मी आयुष्यभर कौतुक करून घेतलं, त्याच मोठेपणापायी काकू स्वेटर घालून बसत होत्या. मला कोणी ओरडलं नाही, पण त्या दिवशी माझ्या चिरेतून जास्त पाणी गळलं.

काका जिना चढून वर काकूंपाशी गेले. मग म्हणाले, "तू म्हणत होतीस."

"कधीपासून?"

"शहाण्णवपासून," काका म्हणाले. काकूंनी त्यांना गरम चहा दिला.

चार दिवसांनी दोन्ही कोटेशनं आली. म्हाताऱ्या मेकॅनिकचं तेरा हजार शंभर, तेरेसाचं बारा हजार नऊशे. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आकडे ऐकलेले नव्हते, आणि दोघांनी लिहिलेला बॉयलरही एकाच मापाचा, माझ्या निम्मा. झाकल्या मुठी उघडल्या तर आत जवळपास तेच निघालं. प्रीता फोनवर म्हणाली, "सी, बाबा? धिस इज फेअर." काकांनी तेरेसाला होकार कळवला. सवयीने "फायनल किती?" असं टाइप केलेलं काकूंनी वेळीच खोडलं. तेरेसाने डिसेंबरचा पहिला सोमवार दिला. बाळाच्या तारखेआधी पुरते बारा दिवस हातात होते.

पण बाळं कोटेशन वाचून येत नाहीत. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, सगळे जेवायला बसत असतानाच प्रीताला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. शनिवारी दुपारी प्रीता तिला घेऊन हॉस्पिटलातून थेट माहेरी आली. बाहेर बर्फ पडायला लागला होता आणि मी अजून बेसमेंटमध्येच होतो, गळत.

काकांनी मागच्या खोलीत दोन इलेक्ट्रिक हीटर एकदम लावले. ब्रेकर पडला आणि वरचा मजला अंधारात गेला. काकूंनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं, त्यावरून शाल घेतली, प्रीताच्या कानांना स्कार्फ बांधला, आणि काकांकडे पाहिलं. ती नजर मी पाहिली नाही, पण काका जिना ज्या वेगाने उतरले त्यावरून ओळखली. त्यांनी तेरेसाला फोन लावला. ती सुट्टीवर होती, पाहुण्यांच्या गलक्यात होती, तरी तिने एका वाक्यात काम सांगितलं. हॉलमधल्या रेडिएटरची चावी जवळजवळ बंद करा, म्हणजे मुकादमाला लवकर गरम वाटणार नाही.

काकांनी चावी फिरवली. जन्मभर पंप आणि झडपा बनवलेल्या माणसाला अठ्ठावीस वर्षांत हे सुचलं नव्हतं. मुकादम थंडीत बसला आणि मला थांबवेना. मी पेटलो आणि पेटतच राहिलो. अर्ध्या तासाने मागच्या खोलीतलं पाणी माझ्याकडे परत आलं, आणि मित्रांनो, ते कोमट होतं. तिथून इतकं ऊबदार पाणी मला कधीच आलं नव्हतं. त्या पाण्यासोबत काकूंचा आवाज आला.

"प्रीता, गरम होतंय का गं तुला? मला होतंय."

"मलाही. आई, तू स्वेटर काढ ना."

आणि थोड्या वेळाने नुसता बाळाच्या झोपेतल्या श्वासाचा आवाज येत राहिला.

तो शनिवार आणि तो रविवार मी जगलो. काका स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसले, गळणाऱ्या पाण्याखाली बादल्या बदलत. मधून मधून म्हणत, "दोन दिवस धर रे बाबा." मला बीस्ट म्हणायचे त्यापेक्षा हे मला जास्त आवडलं. मी धरलं.

सोमवारी तेरेसा चार माणसं घेऊन आली. त्यांनी मला बेसमेंटच्या मागच्या दारातून ओढून बाहेर आणलं आणि इथे उभं केलं. माझ्या जागी भिंतीवर जो आला, तो भारतात जाताना नेतात त्या बॅगेएवढा आहे. काका म्हणाले, "एवढासा?" काकू म्हणाल्या, "तुम्ही काही बोलू नका."

बाहेर आल्यावर मी ते घर पहिल्यांदा पाहिलं. केवढंसं होतं! मला वाटायचं मी राजवाडा सांभाळतोय. मागच्या खोलीची खिडकीही इथून दिसते. काल तिथे काकू उभ्या होत्या, साध्या सुती साडीत, बाळाला खांद्यावर घेऊन. बाहेर मायनस नऊ होतं.

संध्याकाळी त्या बूट घालून माझ्यापाशी आल्या. हातात तो चॉकलेटी स्वेटर होता. तो त्यांनी माझ्या खांद्यांवर टाकला आणि ओढून पाहिला, पण पुढून काही मिटेना. शेवटी बाह्यांची गळ्याशी गाठ मारली.

"तुझ्या मापाचा नाही," त्या म्हणाल्या. "पण असू दे. मला आता लागत नाही."

तेव्हा मित्रांनो, बसमधून मला पाहाल तर फ्रिज म्हणू नका. फ्रिज कधी स्वेटर घालतो का? आणि तुम्ही मोठे व्हाल, तुमची घरं होतील, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. घराला काही आणाल तर आधी माप घ्या. भाव विचाराल तेव्हा मूठ झाकलेली ठेवा. आणि घरातलं कोणी "मला गार लागतंय" म्हणालं, तर त्याचं हिमोग्लोबिन तपासू नका. आधी हॉलमधली चावी फिरवून बघा.